अकरा दिवसांचा तांदूळ

काय मंडळी, जेवलात का?

हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दुसरा नसतो, म्हणून त्यानेच सुरुवात केली. आणि आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आठवड्यातून चार तास, आणि त्या तासाबाहेर मराठी बोललं की दंड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मग मराठी विभागातच का लिहिते आहे? कारण हा लेख ज्यांच्यामुळे लिहावासा वाटला त्यांना इंग्रजी येत नाही. उद्या कुणी त्यांना वाचून दाखवला तर कळला पाहिजे, एवढंच.

विषय तसा रुक्ष आहे. आपल्याकडे जो माल आहे तो पुढची गरज किती दिवस भागवेल, हे मोजायचं कसं? प्रॉडक्शनवाले याला ‘कव्हर’ म्हणतात, कुणी ‘डेज ऑफ सप्लाय’ म्हणतात. कॉम्प्युटरवाल्यांनी लगेच पान उलटू नये. गोष्ट मेसची आहे आणि मेसमध्ये तुम्हीही जेवता!

तर झालं असं. गेल्या वर्षी मी आमच्या लेडीज हॉस्टेलच्या मेसची सेक्रेटरी होते. मेस मुलींनीच चालवायची, कमिटी मुलींची, वर रेक्टर मॅडमचं लक्ष. सेक्रेटरी झाल्या झाल्या मला वाटलं, आता इथे जरा इंजिनिअरिंग आणायचं! पूर्वी स्टॉक रजिस्टरमध्ये नुसतं ‘तांदूळ २०० किलो, तूरडाळ ४० किलो’ असं लिहायचे. मी त्यापुढे एक रकाना वाढवला, ‘किती दिवस पुरेल’. रकाना वाढवल्याचं कौतुकही झालं. रेक्टर मॅडम म्हणाल्या, "बघा, मुलींनी किती पद्धतशीर काम केलंय."

सेमिस्टरच्या शेवटची पी.एल. चालू होती. एका बुधवारी रात्री मी तांदूळ मोजला, २०० किलो भरला. मागच्या आठवड्यात रोज किती लागला ते पाहिलं, १८ किलो. २०० भागिले १८, म्हणजे ११ दिवस आणि वर थोडा. रजिस्टरात ऐटीत लिहिलं, ‘११ दिवस’. मार्केट यार्डातला आमचा व्यापारी ऑर्डर दिल्यापासून चार दिवसांनी टेंपो पाठवतो. म्हणजे सात दिवस थांबून ऑर्डर दिली तरी चालेल. पेपर तोंडावर होते, कुठे आत्तापासून फोनाफोनी करायची!

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीत आमच्या मावशी भेटल्या. मावशी म्हणजे मेसच्या मुख्य स्वयंपाकीण, कोठीची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्या म्हणाल्या, "ताई, सोमवारपासनं पोरी यायला लागतील. तांदूळ आत्ताच मागवा."

मी म्हटलं, "मावशी, अकरा दिवसांचा आहे. लिहिलंय मी."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. लिहिलेल्यापुढे त्या काय बोलणार?

पुढच्या बुधवारी रात्री पिंपात दहा किलो तांदूळ उरला होता. गुरुवारी एम-थ्रीचा पेपर. पेपर देऊन दीडला मुली मेसमध्ये आल्या तर पोळी-भाजी आणि आमटी, भात नाही. ग्रुपवर नुसता धुमाकूळ! ‘भात कुठाय?’, ‘सेक्रेटरीचा भात करा’ वगैरे वगैरे. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून चढ्या भावाने दोन पोती आणली आणि वेळ मारून नेली.

इथवर गंमत होती. पण रात्री कमिटीची मीटिंग बसली आणि कुणीतरी हिशेब मांडला. रोज १८ प्रमाणे सात दिवसांचे १२६ किलो. २०० मधून १२६ गेले की ७४ उरले पाहिजेत. उरले होते १०. मग ६४ किलो तांदूळ गेला कुठे?

किल्ली कुणाकडे होती ते वर सांगितलंच आहे.

शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना गेटवर मावशींची पिशवी तपासली. पिशवीत डबा, छत्री आणि नातवासाठी घेतलेला बिस्किटाचा पुडा होता. ‘हिशेब लागेपर्यंत या महिन्याचा पगार थांबवावा’ असं कमिटीने लिहून ठेवलं. त्या कागदावर माझी सही आहे. पेपर संपले, आम्ही घरी गेलो. परत आलो तेव्हा मावशी काम सोडून गेल्या होत्या.

त्यानंतरच्या सेमिस्टरला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन गणितं मांडली. साठा तोच, वस्तू तीच. पहिल्या गणितात साठ्याला मागच्या सरासरी खपाने भागलं. दुसऱ्यात भागाकारच नाही. पुढच्या एकेका आठवड्याची अपेक्षित मागणी साठ्यातून वजा करत जायची आणि साठा कोणत्या आठवड्यात शून्याला टेकतो ते बघायचं. दोन्ही उत्तरं वेगळी आली. सर म्हणाले, याला ‘फॉरवर्ड कव्हर’ म्हणतात, पुढे वही बंद करून दुसरा विषय सुरूसुद्धा झाला. मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही.

तास संपल्यावर मी तडक मेसमध्ये गेले आणि ताटांची वही काढली. रोज किती जणी जेवल्या याची ही वही वेगळी असते, स्टॉक रजिस्टरशी तिचा काही संबंध ठेवलेलाच नव्हता. आता तुम्हीही माझ्याबरोबर गणित करा. पी.एल.मध्ये निम्म्या मुली घरी गेल्या होत्या, जेवायला १२० जणी. माणशी १५० ग्रॅम धरले तर रोज १८ किलो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मिळून ५४ किलो गेले, उरले १४६. रविवारी बऱ्याच जणी परत आल्या, २८ किलो लागले, उरले ११८. सोमवारी पेपर सुरू, हॉस्टेल फुल्ल, २४० मुली, ३६ किलो. सोमवार, मंगळवार, बुधवार मिळून १०८. ११८ वजा १०८…

दहा.

पिंपात दहाच किलो होते. एक किलो कमी नाही की जास्त नाही. आमच्या ६४ किलोंची चोरी कागदावरच झाली होती, आणि ती माझ्या भागाकाराने केली होती.

आता ज्या मताकरता हा लेख लिहिते आहे त्याकडे येते. माझं म्हणणं असं, की ‘साठा इतके दिवस पुरेल’ हे वाक्य कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारायचा, ‘कशाने भागलंत?’ वरची संख्या मोजता येते. पोती मोजा, काटा लावा, झालं. खालची संख्या मात्र मोजता येत नाही, कारण ती उद्याची आहे. तिथे आपण जी संख्या घालतो तो आपला अंदाज असतो, आणि अंदाज चुकला की वरची संख्या ग्रॅमपर्यंत अचूक असून काही उपयोग नाही.

यावर माझ्या रूममेटचं म्हणणं ऐका. ती म्हणाली, "अगं, अंदाज तो अंदाजच. मागचा खप निदान खरा तरी असतो. खऱ्या आकड्याने भागलेलं बरं नाही का?" ऐकायला पटतं. मलाही आधी पटलं होतं. पण जरा विचार करा. मागच्या आठवड्याच्या खपाने भागणं म्हणजे ‘पुढचा आठवडा मागच्यासारखाच जाईल’ असा अंदाज करणं. अंदाज तोही आहेच, फक्त आपण तो केला हे आपल्यालाच कळत नाही. आणि न कळता केलेल्या अंदाजावर कुणी शंका घेत नाही. मावशींनी सोमवारचं सांगितलं तो खरा फोरकास्ट होता. दरवर्षी पी.एल. संपताना मुली येतात हे त्यांनी कैक वर्षं बघितलं होतं. फरक इतकाच की त्यांनी तो रकान्यात लिहिला नव्हता.

हे फक्त मेसपुरतं नाही हो. मुंबईचंच बघा. मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत, भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी. पावसाळ्यात बातमी येते, ‘तलावांत इतके टक्के साठा’. टक्के वाचून काय कळतं? सातही तलाव पूर्ण भरले की सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी होतं. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर दिलं जातं असं धरा. भागाकार केला की ३७० दिवसांच्या आसपास येतात. पावसाळा संपल्यापासून पुढचा पाऊस यायला आठेक महिने, म्हणजे तलाव भरले की मुंबईकर निर्धास्त! पण पाऊस लांबला की? २०२३ मध्ये आणि २०२४ मध्येही जून-जुलैच्या सुमारास १० टक्के पाणीकपात करावी लागली होती. कपात म्हणजे तरी काय? वरची संख्या वाढवता येत नाही म्हणून खालची कमी केली. १० टक्के कपात केली की ३० दिवसांचं पाणी ३३ दिवस जातं. हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी पीठ संपत आलं की त्या भाकरी जरा लहान थापायच्याच.

दुसरं उदाहरण कोळशाचं. आपल्याकडच्या औष्णिक वीजकेंद्रांत किती दिवसांचा कोळसा आहे याची नोंद केंद्रीय विद्युत प्राधिकरण रोज ठेवतं. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला देशातल्या केंद्रांकडे सरासरी १३ दिवसांचा कोळसा होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो चार दिवसांवर आला. कोविडनंतर कारखाने सुरू झाले आणि विजेची मागणी उसळली. खाणींच्या भागात सप्टेंबरमध्ये जोरदार पाऊस पडला, उत्पादन आणि वाहतूक अडली. परदेशी कोळसा महाग झाला होता, त्यामुळे आयातही आटली. म्हणजे खालची संख्या वाढली आणि वरच्या संख्येत भर पडेना, दोन्ही एकाच वेळी. शिवाय चार दिवस ही सरासरी! सरासरी चार म्हणजे कुणाकडे दहा आणि कुणाकडे एकच. आणि एकाच्या अंगणातला कोळसा दुसऱ्याच्या बॉयलरमध्ये जळत नाही.

यानंतर, डिसेंबर २०२१ पासून, साठ्याचे नवे निकष लागू झाले. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्रांनी महिन्यानुसार १२ ते १७ दिवसांचा आणि खाणीपासून लांबच्यांनी २० ते २६ दिवसांचा कोळसा ठेवायचा. यात दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक, सगळ्यांना एकच नियम लावला नाही. ज्याच्याकडे माल यायला वेळ लागतो त्याला जास्त दिवस. दोन, हे दिवस मोजताना केंद्र आपल्या क्षमतेच्या ८५ टक्के चालतंय असं धरायचं. म्हणजे आज सुट्टीचा दिवस आहे, मागणी कमी आहे, म्हणून साठा जास्त दिवसांचा दिसेल, ही पळवाटच बंद! आमच्या मेसच्या भाषेत सांगायचं तर पी.एल.मध्येसुद्धा २४० मुलींनीच भागायचं.

धान्याचंही तसंच. सरकारी गोदामांत गहू आणि तांदूळ मिळून कमीत कमी किती असावा याचा निकष तारखेप्रमाणे बदलतो. २०१५ पासूनच्या निकषांप्रमाणे १ एप्रिलला २१०.४० लाख टन, तर १ जुलैला ४११.२० लाख टन. जवळजवळ दुप्पट! लोक जुलैत काही दुप्पट जेवत नाहीत. पण एप्रिलनंतर नवा गहू येणार असतो, आणि जुलैपर्यंत ती खरेदी उरकलेली असते, तो गहू पुढच्या हंगामापर्यंत पुरवायचा असतो. म्हणून नुसता ‘किती आहे’ हा प्रश्न अपुरा. किती आहे, पुढे किती लागणार आणि नवीन कधी येणार, हे तिन्ही एकत्र विचारले तरच उत्तराला अर्थ येतो. जुन्या लोकांचा ‘बेगमी’ हा शब्द मला या लेखाच्या निमित्ताने आईकडून कळला. पावसाळ्याची बेगमी म्हणजे चार महिने डोळ्यांसमोर ठेवून केलेली साठवण. मे महिन्यात किती खाल्लं याला भागून कुणी बेगमी करत नाही!

आता कुणी म्हणेल, मग भरून ठेवा ना महिन्या-दोन महिन्यांचं सगळं, कटकटच नको. तसंही नाही. कांद्याला कोंब येतात, रव्यात अळ्या होतात, आणि मेसचे पैसे पोत्यांत अडकून बसतात, मग गॅसचं बिल कशातून भरणार? टोयोटा ही कंपनी साठा कमीत कमी ठेवण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे, आपल्या परीक्षेतही ‘जस्ट इन टाइम’वर टीप हमखास येते. पण मार्च २०११ मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, पुरवठा तुटला, त्यानंतर त्यांनी कोणते सुटे भाग यायला सर्वांत जास्त वेळ लागतो ते शोधलं. सेमीकंडक्टर चिप्स त्यांत होत्या. त्यांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला सांगितला. म्हणून २०२१ च्या सुरुवातीला चिप्सचा तुटवडा झाला तेव्हा बाकीच्या कंपन्या अडखळल्या, टोयोटाचं बरंच निभावलं. कायमचं मात्र निभावलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनाही जगभरातलं नियोजित उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं. यातून मी काय घेतलं? सगळ्या वस्तूंचे दिवस सारखे ठेवायचे नसतात. ज्याला यायला उशीर, त्याची बेगमी जास्त. कोपऱ्यावर मिळणाऱ्या कोथिंबिरीची कशाला?

बरं, नुसती टीका करून कसं चालेल! उपायही सुचवते. आमच्या मेसमध्ये या सेमिस्टरपासून आम्ही काही बदल केले आहेत, बॉइज हॉस्टेलने आणि वर्कशॉपच्या स्टोअरनेही बघायला हरकत नाही.

पहिला बदल, घरी जाणाऱ्या मुलीने परत येण्याची तारीख वहीत लिहून जायचं. त्यावरून पुढच्या चौदा दिवसांत रोज किती जणी जेवतील ते काढतो. परीक्षा, गॅदरिंग, सलग सुट्ट्या, उपवासाचे दिवस हे सगळं कॅलेंडर बघून त्यात घालतो. एकादशीला भात कमी आणि साबुदाणा जास्त, हे कुठल्याही सरासरीत दिसत नाही.

दुसरा, भागाकार बंद. रोजची अपेक्षित गरज वजा करत जायची आणि कोणत्या तारखेला पिंप रिकामं होईल ती तारीख लिहायची. ‘११ दिवस’ लिहिलं की माणूस गाफील राहतो, ‘गुरुवारी सकाळी संपेल’ लिहिलं की तो फोन उचलतो.

तिसरा, त्या तारखेच्या शेजारी ‘आज मागवलं तर कधी येईल’ ही तारीख. दोन्हींत निदान दोन दिवसांचं अंतर पाहिजे, कारण टेंपो कधीही पंक्चर होतो. तीन दिवसांचा साठा दुधाच्या बाबतीत खूप झाला, गॅसच्या बाबतीत तीन दिवस म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

चौथा, वाटेवरचा माल वेगळा लिहायचा. ‘ऑर्डर दिलीये’ म्हणजे तांदूळ आला असं नव्हे. मोठ्या कंपन्यांतल्या सॅपसारख्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा हातातला साठा किती दिवसांचा आणि येणारा माल धरून किती दिवसांचा, हे दोन आकडे वेगवेगळे दिसतात. तसंच भिजलेलं पोतं, किडलेली डाळ साठ्यात मोजायची नाही. मोजली तर खावी लागेल!

पाचवा, दर शनिवारी मागच्या आठवड्याचा अंदाज आणि खरा खप शेजारी शेजारी लिहायचे. पहिल्या आठवड्यात आमचा अंदाज चांगलाच चुकला, कारण मॅच होती आणि अर्ध्या मुली बाहेर जेवल्या. चुकू दे. किती चुकतो हे कळलं की किती जास्तीचं ठेवायचं ते कळतं. अंदाज बरोबर येणाऱ्या वस्तूला थोडं जास्तीचं पुरतं, सारखा चुकणाऱ्याला जास्त लागतं.

आणि सहावा बदल वहीतला नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. हिशेब जुळला नाही तर आधी खालची संख्या तपासायची, माणसाची पिशवी नंतर. आम्ही उलटं केलं. ताटांची वही त्याच कपाटात, स्टॉक रजिस्टरच्या खालच्या कप्प्यात होती. ती उघडायला दहा मिनिटं पुरली असती. पण रजिस्टरात आकडा होता, आकडा इंजिनिअरिंगच्या मुलीने काढलेला होता, आणि समोर चौथी शिकलेली बाई होती. मग चूक कुणाची असणार हे आम्ही आधीच ठरवून टाकलं. खरं सांगते, त्या रात्री मीटिंगमध्ये माझ्या मनात एकदाही आलं नाही की माझा आकडा चुकला असेल.

गणित सापडल्यावर मी ते रेक्टर मॅडमना नेऊन दाखवलं. त्यांनी दोनदा तपासलं, थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. कमिटीने थांबवलेला पगार मंजूर केला आणि पाकीट घेऊन मी आणि रूममेट मावशींच्या घरी गेलो. आता त्या दुसरीकडे पोळ्या करायला जातात. मी सगळं सांगितलं, १२० मुली, २४० मुली, ५४ किलो, १०८ किलो… त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेच तर मी म्हटलं होतं ताई, सोमवारपासनं पोरी येतात." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पगार मिळाला, बरं झालं. पण गेटवर सगळ्यांसमोर पिशवी उघडायला लावली हो." मग उठून आमच्यासाठी चहा ठेवला. आम्ही परत येण्याबद्दल विचारलं, त्यांनी नको म्हटलं.

त्या कागदावर आता खाली दुसरा ठराव लिहिला आहे, की तांदूळ चोरीला गेलेला नव्हता, हिशेब चुकीचा होता आणि तो सेक्रेटरीने केला होता. त्यावरही माझी सही आहे. पण पहिला ठराव सगळ्या हॉस्टेलला तोंडपाठ होता आणि दुसरा फारसा कुणी वाचलेला नाही. म्हणून तो इथे मासिकात लिहिला.

पुढे आपल्यातले बरेच जण प्लॅनिंगमध्ये नोकरीला लागतील. कुणी औषधांचा साठा बघेल, कुणी सुट्या भागांचा, कुणी खतांचा. स्क्रीनवर ‘११ दिवस’ असं हिरव्या रंगात दिसेल. तेव्हा एकच करा. जो माणूस रोज कोठीत उभा असतो त्याला जाऊन विचारा, "काका, सोमवारी काय होणार आहे?" आणि तो जे सांगेल ते रकान्यात लिहा.

बघा, पटतंय का. नाही पटलं तर मेसमध्ये भेटा, भांडू. भात आहे. आजच्या वहीप्रमाणे पुढच्या मंगळवारपर्यंत!